निळ्या रेघेची रुजवात

इंदापुरात कचेरीच्या आवाराबाहेर, लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. सव्वीस वर्षे मी तेथे अर्ज, हरकती, खुलासे आणि प्रतिज्ञापत्रे लिहीत आलो आहे. शिक्षण म्हणाल तर दहावीच्या वर्गापर्यंत. परंतु माझ्या मसुद्यातील शब्द कोणी बदलल्याचे मला स्मरत नाही, आणि दोन वकील, ज्यांची नावे घेणे उचित नव्हे, आपले कागद माझ्या नजरेखालून घालून मगच आत नेतात. हे सांगण्यात आत्मस्तुतीचा हेतू नाही. ज्या गृहस्थांविषयी मी लिहिणार आहे, त्यांच्या मते मला वाचता येत नव्हते, एवढे वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावे.

सगळी पेठ त्यांना चाचा म्हणे. माझ्या टेबलापासून साठ-सत्तर पावलांवर त्यांचे बाइंडिंगचे दुकान होते. दुकान म्हणजे एक खोली, दाबाचे एक लोखंडी यंत्र, पुठ्ठ्यांची रास आणि स्टोव्हवर शिजणारी मैद्याची खळ. कागदाला कसर लागू नये म्हणून खळीत ते मोरचूद घालीत, त्यामुळे त्यांच्या बोटांची टोके बारमाही निळसर दिसत. कचेरीची रजिस्टरे, शाळांच्या हजेऱ्या, सोसायट्यांच्या सभेची इतिवृत्ते हे सर्व बांधण्याचे काम त्यांच्याकडे असे. असे असूनही ते कचेरीच्या पायऱ्या कधी चढत नसत. माझी बांधलेली दप्तरं आत जाऊन बसलीत, मी आणखी कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

टाचणीशी त्यांचे हाडवैर होते. स्टेपलरचाही त्यात समावेश होतो. ओळख झाली त्या वर्षी माझा एक टाचणी लावलेला अर्ज त्यांनी हातात घेतला, टाचणी उपटून गटारात टाकली आणि मला समोर बसवले.

"कागुद टोचायचाच तर दोऱ्यानं टोचा, मुन्शी. टाचणी गंजती आन कागुद खाती. दोरा कुणाला खात न्हाय."

तीन छिद्रांची शिवण आणि मागे न सुटणारी गाठ त्यांनी मला त्याच दिवशी शिकवली. तेव्हापासून माझे अर्ज शिवलेले असतात आणि आवारात ते लांबूनही ओळखू येतात. मला मुन्शी म्हणणारे ते एकटेच. इतर लोक मला साहेब म्हणतात.

आता ज्या पुस्तकापायी ही सर्व हकिकत घडली, त्याविषयी. पुठ्ठ्यासाठी चाचा बारामतीहून रद्दी आणीत. तीत एकदा ते निघाले. मुखपृष्ठ नाही, नावाचे पान नाही. सबब पुस्तकाचे नाव काय आणि ते लिहिले-रेखाटले कोणी, हे आजतागायत आम्हांस ठाऊक नाही. एकशे अठ्ठावीस पाने आणि पानोपानी चौकटींत काढलेली चित्रे. शब्द अगदी थोडे. रंग दोनच, काळा आणि विटकरी. वरवर पाहता मुलांचे चित्रपुस्तक वाटावे, परंतु ती पूर्ण कादंबरी होती आणि मुलांची नव्हती.

हकिकत अशी. फार पुढच्या काळात माणसे एका तांबड्या ग्रहावर वस्ती करतात. तेथे पाणी नाही. त्या जगाच्या पार टोकाला बर्फाचा एक डोंगर आहे. माणसे डोंगरापासून वस्तीपर्यंत कालवा खणतात, जागोजागी दारे बसवतात आणि डोंगर वितळवून पाणी सोडतात. मात्र पाणी वस्तीपर्यंत पोचायला दोनशे वर्षे लागणार असतात. तेवढा काळ कोण थांबणार? माणसे वस्ती मोडून निघून जातात. मागे राहते ते दारे राखण्यासाठी घडवलेले एक यंत्र. ते रोज कालव्याच्या कडेने चालते, दारांना तेल घालते, गाळ उपसते, पाळीची वेळ झाली की कोरड्या कालव्याचे दार उघडते आणि वेळ संपली की लावून घेते. शेवट मी आताच सांगत नाही. तो त्याच्या जागी येईल.

चाचांनी हे पुस्तक स्वतः सोडवून सोळा-सोळा पानांचे आठ गठ्ठे केले होते. छपाईच्या धंद्यात अशा गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याला जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीचे वेष्टन होते. नव्या वाचकाला ते संपूर्ण पुस्तक कधीच देत नसत. एक फर्मा द्यायचा, तो परत आला की एकच प्रश्न विचारायचा, "कुठं थांबला?" म्हणजे कोणत्या चित्रापाशी पान उलटायला हात तयार होईना, ते दाखवायचे. ज्याने चित्रावर बोट ठेवले, त्याला पुढचा फर्मा. जो म्हणाला की छान आहे, त्याला तोच फर्मा पुन्हा.

त्यांची शिफारस करण्याची रीत मला प्रथम मुळीच पटली नव्हती. येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते थोडा वेळ पाहत आणि मग प्रत्येकाला त्याच पुस्तकाविषयी निराळे सांगत. सणसरच्या एका बागायतदाराला म्हणाले, पाळीचं पुस्तक हाय, वरनं पाणी सोडलंय, खाली पोचलं न्हाय. एका पोलीस शिपायाला म्हणाले, पहाऱ्याचं हाय, बदलीवाला आलाच न्हाय. नरसिंहपूरहून पोथी बांधून घ्यायला आलेल्या पुजाऱ्याला म्हणाले, दिवा लावणाऱ्याचं हाय, देवळात कुणी येत न्हाय तरी लावतो. बारामतीच्या एक शिक्षिका जुने शब्दकोश बांधायला टाकून गेल्या होत्या. त्यांना म्हणाले, पोरं गेली तरी शाळा उघडी ठेवणाराचं हाय. आणि आश्चर्य असे की हे चौघेही फर्मा घेऊन गेले, आणि पुढच्या फर्म्यासाठी परतही आले.

मी त्यांना माझी हरकत सांगितली. एकाच मिळकतीचे चार लोकांना चार प्रकारचे वर्णन देणे ही दिशाभूल ठरते. माझ्या व्यवसायात असा कागद रद्द होईल. ही विज्ञानकथा आहे, चित्रांतून सांगितलेली आहे, असे प्रथम स्पष्ट सांगावे आणि मग घेणाऱ्याने घ्यावे किंवा न घ्यावे.

चाचा खळ ढवळीत होते. ते म्हणाले, "शेताला चतुःसीमा असती, मुन्शी. पुस्तकाला सीमा जास्त असत्यात. ज्याचा बांध जिकडनं लागतो, त्याला तिकडनं आत घ्यायचं."

"आणि विज्ञानकथा हा शब्द?"

"त्यो शब्द काढला की माणूस परीक्षेला बसल्यागत बसतो. त्यापरीस म्हणायचं, हे अजून घडलं न्हाय. एवढंच."

मग त्यांनी माझ्याकडेही तसेच पाहिले. मला जरा अवघडल्यासारखे झाले. ते म्हणाले, "तुमच्यासाठी सांगू? अर्ज दिलाय आन उत्तर आलं न्हाय, अशा माणसाचं हाय." मी पहिला फर्मा घेऊन टेबलावर आलो.

तो मी काळजीपूर्वक पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, कुठं थांबला? मी त्यांना सांगितले की फर्म्यात एकूण शहाण्णव चौकटी असून यंत्राच्या डाव्या हाताला तीन ठिकाणी चार बोटे आणि अन्यत्र पाच बोटे दाखवली आहेत. तसेच अकराव्या पानावर सावली उलट्या बाजूस पडली आहे. चाचांनी फर्मा हातात घेतला, वेष्टन सारखे केले आणि मला परत दिला.

"मुन्शी, तुमी वाचत न्हाय. तुमी तपासता."

तोच फर्मा मला तीन वेळा मिळाला. दुकानात बसलेली माणसे हसत. चौथ्या खेपेस मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी दुसरा फर्मा पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, "जावा पुढं. तुमाला थांबता येत न्हाय, तर निदान चालत तरी ऱ्हावा." ते वाक्य मला फार लागले, हे कबूल करतो. तरीही मी फर्मा नेत राहिलो. दुसरा, तिसरा, असे करीत सात झाले. त्यांनी मला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

त्याच दिवसांत चाचांचा आणखी एक वाचक होता, आणि तोच त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता. वरकुट्याचे तात्या हे निवृत्त पाटकरी. कालव्याची दारे उघडणे, लावणे आणि शेतकऱ्यांना पाळीप्रमाणे पाणी देणे यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांची एक सवय सर्वांना ठाऊक होती. पाणी कधी येणार असे कालव्याच्या पलीकडून कोणी ओरडून विचारले, तर तात्या ओरडून उत्तर देत नसत. हात वर करून बोटे दाखवीत. जितकी बोटे, तितके तास. त्यात कधी चूक झाली नाही, असे लोक सांगत.

तात्यांना लकवा झाला आणि उजवी बाजू व वाचा दोन्ही गेली. अक्षरे त्यांना ओळखू येईनात. दूरदर्शन लावले तर ते मान फिरवीत. जेवणाकडेही पाठ करीत. चाचा त्यांचे जुने स्नेही. पाटकऱ्यांची रजिस्टरे बांधण्यावरून ती ओळख झालेली. एका रविवारी चाचा एसटीने पहिला फर्मा घेऊन वरकुट्याला गेले आणि खाटेशेजारी बसून त्यांनी एकेक पान धरले. तात्यांनी डाव्या हाताचे बोट एका चित्रावर ठेवले: यंत्र खाली बसून दाराच्या बिजागरीला तेल घालीत आहे. पुढच्या रविवारी दुसरा फर्मा गेला. तात्यांची सून सांगे की पुस्तकाच्या दिवशी तात्या आपणहून उठून बसतात, भाकरी पुरी खातात आणि शनिवारी सकाळपासून एसटीच्या आवाजाकडे कान लावतात. आठवड्यातल्या इतर दिवशी ते भिंतीकडे तोंड करून असत. असे सात रविवार झाले. आठवा आणि शेवटचा फर्मा तेवढा राहिला.

तो फर्मा त्या आठवड्यात माझ्याकडे होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत परत करायचा, असे ठरले होते.

बाजाराचा दिवस होता. टेबलाभोवती गर्दी होती. सणसरचे तेच बागायतदार आले होते; त्यांच्या शेतात पाणी नेणारी चारी वरच्या शेजाऱ्याने बुजवली होती, त्याचा अर्ज करायचा होता. सोबत चारीचा हाताने काढलेला नकाशा जोडायचा होता. तो त्यांनी मला दिला, मी पेटीत ठेवला, आणि त्याच पेटीत फर्माही होता. फर्म्याच्या पहिल्या पानावर आकाशातून दिसणारा तो कालवा रेखाटलेला आहे: मुख्य ओघ, फुटलेल्या शाखा, दारांच्या खुणा. वेष्टन निघून बाजूला पडले असावे. मी हात घातला, कालवा दिसला, आणि मी तो अर्जास जोडला. खालची पाने उलगडली नाहीत. तीन छिद्रे पाडली, दोरा ओवला, गाठ मारली. सोबतच्या कागदांच्या यादीत लिहिले: चारीचा नकाशा. अर्ज आत गेला, त्यावर आवक क्रमांक पडला, पानांवर क्रमांक पडले, गाठीवर शिक्का पडला. कचेरीतील कोणीही चित्रांकडे पाहिले नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मीही पाहिले नव्हते.

शनिवारी दुपारी पेटी उघडली तेव्हा तीत चारीचा नकाशा होता आणि फर्मा नव्हता.

मी आत धाव घेतली. आवक पाहणाऱ्या गृहस्थांनी प्रकरण काढले, फर्मा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमची टाचणी असती तर आत्ताच्या आत्ता काढून दिला असता, कुणाला कळलं नसतं. पण ही तुमची शिवण. दोरा कापला तर शिक्का फुटतो, आणि पानं क्रमांकानं घेतलीत." ते बरोबरच होते. प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ कागद बाहेर येऊ शकत नाही, हे मीच शेकडो लोकांना समजावून सांगितलेले आहे.

चाचांच्या दुकानात जाऊन मी सर्व हकिकत क्रमाने निवेदन केली. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी खळीचे पातेले स्टोव्हवरून उतरवले, स्टोव्ह विझवला आणि हात पुसले.

"मला कशाला सांगता? मी ते पुस्तक शंभर बारी बघितलंय. उद्या वरकुट्याला चला. तात्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तात्या उठून बसले होते. डोक्याला तेल लावलेले होते, अंगात धुतलेली बंडी होती. चाचांच्या हातात काही नाही हे त्यांनी दारातच पाहिले. मी खाटेसमोर उभा राहून घडलेला प्रकार सांगितला. मी चांगला बोलतो असा माझा लौकिक आहे. त्या दिवशी माझी वाक्ये मलाच ऐकू येत होती. तात्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले, मग हळूहळू अंग सरकवले आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. ताटातली भाकरी तशीच राहिली.

सूनबाई आम्हांला ओट्यापर्यंत सोडायला आल्या. पुढच्या रविवारी काय करायचं, असे त्यांनी चाचांना विचारले. चाचा पायात चपला घालू लागले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"दादा, तुमी समद्या गावाचं कागुद लिवता ना?"

"होय."

"मग आमच्या तात्यांचंबी लिवा की."

त्या रविवारनंतरच्या आठवड्यांत तात्या दोन घासांवर आले, असे चाचा सांगत. त्यांनी पहिल्या सात फर्म्यांतला एखादा पुन्हा नेऊन पाहिला. तात्यांनी त्यावर नजर टाकली नाही. पाळी चुकलेला माणूस मागचं पाणी मोजत न्हाय, असे चाचा म्हणाले.

उपाय एकच होता. मूळ मिळत नाही, परंतु नक्कल मिळू शकते. त्यासाठी अर्ज लागतो, आणि त्या अर्जात नकाशा म्हणून जोडलेले कागद नकाशा नाहीत हे स्वच्छ लिहावे लागते. हे आवारात पसरल्यावर शेजारच्या टेबलांवर काय बोलले जाईल, याची मला पूर्ण कल्पना होती. मी तीन दिवस मसुदा करीत होतो. अर्जदारांनी गैरसमजाने जोडले, असे लिहिता आले असते. सणसरचे बागायतदार त्याला तयारही होते. संमतीची सही करताना ते हसून म्हणाले, "माझ्या चारीचा नकाशा दुसऱ्या ग्रहावरचा निघाला व्हय? तरीच वरचा हटंना." पण तसे मी लिहिले नाही. अर्जदार निर्दोष असून चूक कागद जोडणाऱ्या लेखनिकाची आहे, असे लिहिले, खरा नकाशा सोबत दिला, आणि खाली स्वतःची सही केली. दुसऱ्यांसाठी हजारो अर्ज लिहिले. अर्जदार या शब्दावर माझी सही पडण्याची ती पहिली वेळ.

नक्कल देणाऱ्या टेबलावर एक तरुण लिपिक बाई होत्या. त्यांनी झेरॉक्स काढली आणि रुजवातीसाठी मला समोर बसवले. रुजवात म्हणजे मुळाशी ताडून पाहणे: एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवीत जायचे. अक्षर सुटले तर तेथेच कळते. हे काम मी कितीतरी वेळा केले आहे. परंतु त्या सोळा पानांत शब्द मोजून अकरा होते.

"काका, यात वाचणार काय?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो की मुळात जे आहे ते वाचले पाहिजे. आणि मी वाचू लागलो. पहिले पान: आकाशातून दिसणारा कालवा. पान दुसरे, चौकट पहिली: दार, लोखंडी, खालच्या बाजूस गंज. चौकट दुसरी: यंत्राचा हात, हातात तेलाचे भांडे, भांडे रिकामे. चौकट तिसरी: तोच हात, भांडे अजून धरलेले. त्या बाई बोट फिरवीत आहे, आहे, असे म्हणत होत्या. चौथ्या पानापर्यंत मी नेहमीच्या गतीने गेलो. मग गती कमी होऊ लागली. यंत्राचा एक पाय मोडतो. ते दाराची जुनी कडी काढून पायाला बांधते. एवढे एक वाक्य बोलायला मला नऊ चौकटी पाहाव्या लागल्या. ओस वस्तीत एका घराच्या उंबऱ्यावर कोणाचीतरी चप्पल आहे. यंत्र ती रोज झटकून पुन्हा तिच्या जागी ठेवते. सात फर्म्यांत ती चप्पल पूर्वीही येऊन गेली असणार. मी बोटे मोजीत होतो, तेव्हा ती मला दिसली नव्हती.

शेवटचे पान आले. पूर्ण पानभर एकच चित्र. यंत्र पाठमोरे उभे, समोर दार उघडलेले, कोरडा कालवा सरळ क्षितिजापर्यंत गेलेला. शब्द नाही.

"यंत्र," मी म्हणालो.

"आहे."

"दार, उघडे."

"आहे."

मग मी थांबलो. क्षितिजापाशी, कालव्याच्या अगदी टोकाला, केसाएवढी एक रेघ होती. ती काळी नव्हती आणि विटकरीही नव्हती. ती निळी होती. संपूर्ण पुस्तकात तो रंग दुसरीकडे कोठेही नाही.

"काका, पुढं?"

"एक रेघ आहे. निळी."

त्यांनी नकलेवर पाहिले. तेथे काहीच नव्हते. झेरॉक्समध्ये फिका रंग उमटत नाही, असे त्यांनी सांगितले. काळे येते, फिके जाते, आणि एका रेघेने काय बिघडते? मी म्हणालो की या रेघेवाचून पाणी आलेले नाही, आणि रेघ असेल तर आले आहे. ही नक्कल अशीच दिली तर तिच्यावर खरी नक्कल असा शिक्का मारता येणार नाही.

त्या उठून माझ्या बाजूला आल्या आणि मुळावर वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. मग जागेवर जाऊन त्यांनी आपले निळे पेन उघडले.

"तुम्ही वाचा. मी काढते."

मी ती रेघ वाचून दाखवली. डावीकडे अगदी बारीक. मध्ये किंचित जाड. आता थोडी वर. उजवीकडे पुसट होत गेलेली. त्यांनी पट्टी न लावता ती ओढली आणि शेजारी नियमाप्रमाणे लिहिले: दुरुस्ती मुळाबरहुकूम. खाली आद्याक्षरे केली. नंतर प्रत्येक पानावर गोल शिक्का मारला.

ते कागद मी चाचांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी आधी शेवटचे पान काढले. निळसर बोट रेघेवरून नेले आणि आद्याक्षरांपाशी आणून थांबवले.

"सहीबी घेतली?"

"दुरुस्तीवर सही लागते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "ह्या एका रेघेसाठी छापणाऱ्यानं सगळा फर्मा पुन्यांदा मशीनवर चढवला असंल. दुसरी शाई भरून. कोण करतं?" थोड्या वेळाने म्हणाले की मूळ फर्मा दप्तरात गेला हे बरेच झाले, कचेरीत गेलेला कागद हरवतो, पण मरत नाही. मग त्यांनी विचारले, "मुन्शी, कुठं थांबला?"

मी रेघेवर बोट ठेवले.

चाचा आता बारामतीला मुलीकडे असतात. दुकान बंद आहे. जाण्यापूर्वी त्यांनी आठही फर्मे माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. आत बोलावणे येईपर्यंत जी माणसे माझ्या टेबलाभोवती ताटकळत असतात, त्यांपैकी एखाद्याकडे मी थोडा वेळ पाहतो आणि त्याचा बांध कोठून लागेल याचा विचार करतो. मला अद्याप त्यांच्यासारखे जमत नाही. शेवटच्या फर्म्यावरील शिक्के पाहून लोक विचारतात की हे पुस्तक सरकारी आहे काय. मी सांगतो की शेवट तेवढा आहे.

नक्कल मिळाली त्यानंतरच्या रविवारी मात्र आम्ही दोघे सकाळच्या एसटीने वरकुट्याला गेलो. तात्या भिंतीकडे तोंड करून होते. चाचांनी हाक मारली नाही. खाटेशेजारी बसून फर्म्याचे पहिले पान उलटले. कागदाचा आवाज झाला आणि तात्यांची मान वळली. सूनबाईंनी त्यांना पाठीला उशी देऊन बसवले. पाने चाचा धरीत होते. रिकामे तेलाचे भांडे, मोडका पाय, उंबऱ्यावरची चप्पल. प्रत्येक पानावर तात्या पुरेसा वेळ घेत आणि मग हनुवटीने पुढे म्हणत.

शेवटच्या पानावर त्यांनी डावे बोट प्रथम यंत्रावर ठेवले. तेथून दारावर नेले. मग ते कालव्याच्या कडेने वर गेले आणि रेघेपाशी थांबले. बोट तेथेच राहिले. चाचांनी या खेपेस काही विचारले नाही. नंतर ते बोट रेघेपासून खाली येऊ लागले, अगदी सावकाश, एखाद्या जागी रेंगाळत, उतारावर जरा लवकर, दारापर्यंत. तात्यांनी तोच प्रवास पुन्हा एकदा केला. चेहऱ्यावरून ते हिशेब करीत होते हे स्पष्ट दिसत होते.

मग त्यांनी डावा हात वर केला आणि पाचही बोटे उघडली.

"पाच तास," चाचा म्हणाले.

सूनबाई भाकरी टाकायला आत गेल्या. परतीची एसटी अर्ध्या तासाने होती. मी चपलांकडे पाहिले.

"पाणी यायचंय, मुन्शी," चाचा म्हणाले. "बसा."

मी बसलो.